भिंतीतली झडप

सिमेंट-काँक्रीटच्या घरात राहणाऱ्या वाचकांनी आपल्या घरात काय काय लपवलेले आहे याची एकदा यादी करून पाहावी. थंड पाण्याचा पाइप, गरम पाण्याचा पाइप, सांडपाण्याचा पाइप, विजेच्या तारांच्या नळ्या, गीझरचा कॉक, फ्लशची टाकी, गच्चीवरच्या टाकीतून खाली येणारा उभा पाइप. ही सर्व मंडळी गिलाव्याच्या किंवा टाइल्सच्या आड गेली की घर देखणे दिसते. पण यांतील प्रत्येकाला आपापले आयुष्य असते. पाइपाच्या आधी सांधा जातो आणि सांध्याच्या आधी कॉकमधला रबरी वायसर जातो. घर दोन पिढ्या टिकावे अशी आपली अपेक्षा, आणि वायसर मात्र काही वर्षांतच झिजणार. मग त्या चिमुकल्या वायसरसाठी भिंत फोडावी लागते, आणि फोडलेल्या जागी लावायला त्याच रंगाची टाइल बाजारात मिळत नाही.

याला उपाय साधा आहे. जिथे कधी ना कधी हात पोचवावा लागणार, तिथे उघडता-मिटता येणारी एक झडप आधीच बसवून ठेवायची. कोणी तिला डक्टचे दार म्हणतात, कोणी इन्स्पेक्शन म्हणतात, कोणी नुसतेच झाकण. व्हॉल्व्हलाही मराठीत झडप म्हणतात, पण घोटाळा नको म्हणून या लेखात व्हॉल्व्हला कॉक म्हणू आणि झडप हा शब्द भिंतीतल्या या छोट्या दारासाठी राखून ठेवू. हे काम नवशिक्यालाही एका सुटीच्या दिवसात जमण्यासारखे आहे. मात्र ते करताना भूमिती, यामिकी, रसायन आणि थोडेसे कीटकशास्त्रही हाताशी लागते. म्हणूनच शिक्षकांसाठी हा विषय निवडला.

डहाणू रोड स्थानकावर उतरून तलासरीच्या दिशेने गेले की वारली पाड्यांवर अजून कुठे कुठे कुडाची घरे दिसतात. कारवीच्या काठ्या उभ्या लावून, बांधून, वर शेणामातीचे लिंपण केले की झाली भिंत. या घराला झडप लागत नाही, कारण त्यात लपवलेले असे काही नसतेच. छपराचा वासा आणि त्याची बांधणी आतून सरळ दिसते. एखादी कारवी किडली तर तेवढीच काढून दुसरी घालता येते आणि वरून पुन्हा लिंपता येते. म्हणजे सगळी भिंतच झडप! विटा आणि स्लॅबच्या घरात आपण ही सोय गमावली आणि तिच्या बदल्यात टिकाऊपणा घेतला. सौदा वाईट नाही, पण गमावलेल्या सोयीपैकी थोडी परत मिळवायला हवी.

या भागात तिची गरज आणखी एका कारणाने जाणवते. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू आणि तलासरी तालुक्यांत, विशेषतः धुंदलवाडीच्या परिसरात, भूकंपाच्या लहान लहान धक्क्यांची मालिकाच सुरू झाली. त्यांतले मोठे धक्के रिश्टर मापनावर ४ च्या आसपास होते, बहुसंख्य त्याहून बरेच लहान. असा लहान धक्का चांगल्या बांधलेल्या इमारतीला सहसा पाडत नाही. पण स्लॅब आणि भिंत यांच्या हालचालीत किंचित फरक पडला तरी दोघांतून जाणाऱ्या ताठ पाइपावर ताण येतो आणि तो एकवटतो सांध्यावर. बाहेरून काहीच दिसत नाही. सेकंदाला एक थेंब गळू लागला तर काय होईल, हे वर्गात करून पाहण्याजोगे गणित आहे. दिवसाचे ८६,४०० सेकंद, म्हणजे तितकेच थेंब. साधारण २० थेंबांचा एक मिलिलिटर धरला तर दिवसाला सव्वाचार लिटरहून थोडे अधिक, महिन्याला १३० लिटरच्या घरात. एवढे पाणी विटांच्या आणि गिलाव्याच्या सूक्ष्म छिद्रांतून केशाकर्षणाने चढते, सोबत क्षार नेते आणि पृष्ठभागावर बाष्प होऊन उडून जाते. क्षार मात्र मागे राहतात. त्यालाच आपण भिंतीला लोणा लागला असे म्हणतो. लोणा दिसतो तेव्हा गळती बरीच जुनी झालेली असते. (धक्क्यानंतर किंवा एरवीही एक सोपी चाचणी करावी: घरातले सर्व नळ बंद करून पाण्याच्या मीटरकडे पाहावे. चकती फिरत असेल तर पाणी कुठेतरी जात आहे.)

झडप कोणती निवडावी हा प्रश्न दुकानात जाऊन सोडवायचा नसतो. दुकानदार आधी आकार आणि रंग विचारतो. आपण त्याआधी स्वतःला दोन प्रश्न विचारायचे. या भोकातून आत कोण जायला हवे? आणि आत कोण जाता कामा नये?

पहिला प्रश्न घेऊ. नुसता कॉक बंद करायचा असेल तर मनगटापर्यंतचा हात गेला की पुरे, १५ सेंटिमीटरचे भोक चालते. पण सांधा सोडवायचा असेल तर हातासोबत पानाही जायला हवा, आणि गेल्यावर फिरायला हवा. इथे भूमिती येते. नट षट्कोनी असतो. सरळ तोंडाचा पाना नटावर चढवून ६० अंश फिरवला की तो काढून पुन्हा पहिल्या जागी बसवता येतो. त्याहून कमी फिरवला तर पुढची बाजू जबड्यात येत नाही. म्हणजे पान्याला निदान ६० अंशांचा मोकळा पल्ला हवा. पाना २० सेंटिमीटर लांबीचा असेल तर त्याचे टोक किती जागेत हलेल? वर्तुळात ६० अंशांच्या कंसाची जीवा त्रिज्येइतकीच असते, कारण तिथे समभुज त्रिकोण तयार होतो. उत्तर आले २० सेंटिमीटर. आता आपला नेहमीचा दुतोंडी पाना हातात घेऊन नीट पाहा. त्याचे तोंड दांड्याच्या रेषेत नसते, १५ अंशांनी कललेले असते. हा कल शोभेसाठी नाही. पाना एकदा सुलटा आणि एकदा उलटा असा आलटून पालटून लावला की दर वेळी ३० अंश फिरवून काम भागते, आणि टोकाला जागा लागते फक्त १० सेंटिमीटरच्या आसपास. मुलांच्या हाती एक नट, एक पाना आणि कोनमापक दिला तर हे त्यांना स्वतःला शोधून काढता येईल. मी तरी कोणत्याही पाठ्यपुस्तकात जीवेचे याहून उपयोगी उदाहरण पाहिलेले नाही.

भिंतीत मात्र पाना बहुधा झडपेच्या पातळीत फिरत नाही. पाइप उभा असतो, नट त्याच्याभोवती असतो आणि पान्याचा दांडा आपल्याकडे, झडपेतून बाहेर आलेला असतो. अशा वेळी महत्त्व येते खोलीला. नट भिंतीच्या पृष्ठभागापासून १५ सेंटिमीटर आत असेल तर ६० अंशांच्या पल्ल्यासाठी भोकाची रुंदी २ × १५ × टॅन ३०°, म्हणजे सुमारे १७ सेंटिमीटर हवी. त्यात पकडलेल्या मुठीची रुंदी मिळवा, सुमारे १० सेंटिमीटर. बेरीज २७. बाजारात ३० सेंटिमीटर चौरस झडप का सर्रास मिळते, ते यावरून लक्षात येईल. नट ३० सेंटिमीटर आत असेल तर हीच बेरीज ४५ च्या जवळ जाते, आणि ४५ सेंटिमीटरची झडपही मिळते. तेव्हा टेप घेऊन आधी खोली मोजावी. शिवाय एक पाना नट फिरवतो तेव्हा दुसऱ्याने पाइप धरून ठेवावा लागतो, नाहीतर सगळा पाइपच पिळला जातो. शंका असेल तर एक माप मोठे घ्यावे. लहान झडप ही न बसवलेल्या झडपेइतकीच निरुपयोगी असते.

गच्चीवरच्या काँक्रीटच्या टाकीत वर्षातून एकदोनदा माणसाला उतरावे लागते. तिथे खांद्यांचा हिशेब: ६० सेंटिमीटर. मग झाकण गोल की चौकोनी? ६० सेंटिमीटरच्या चौरसाचा कर्ण ८५ सेंटिमीटर भरतो, म्हणून चौकोनी झाकण उभे करून तिरके धरले तर त्याच भोकातून आत पडते, आणि आत माणूस असेल तर त्याच्या डोक्यावर पडते. गोल झाकण कसेही धरले तरी व्यास तोच, ते पडूच शकत नाही. चौकोनी झाकण असेल तर त्याला साखळी बांधावी.

आता दुसरा प्रश्न, आणि माझ्या मते तोच अधिक गंभीर आहे. आत कोण जाता कामा नये? या बाबतीत आपल्या महाराष्ट्रातच एक जुने आणि मोठे उदाहरण घडून गेले आहे. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबई शहरात हिवतापाने कहर केला होता. अॅनॉफेलिस स्टीफेन्सी हा डास शहरातल्या विहिरींत वाढतो असे ग्लेन लिस्टन यांनी दाखवून दिले होते, आणि डॉ. सी. ए. बेंटली यांनी १९११ च्या आपल्या अहवालात विहिरींवरच बोट ठेवले. तेव्हा घरोघरच्या विहिरी बुजवण्याची किंवा बंद करण्याची मोहीम निघाली. तिला धार्मिक कारणांनी विरोध झाला. पारशी घरांत विहिरीला पावित्र्य आहे, अनेक हिंदू घरांतही विधीसाठी विहिरीचेच पाणी लागे. त्यातून निघालेली तोड ही आपल्या विषयाच्या अगदी मधोमध येते: विहिरीवर पक्के आच्छादन घालायचे आणि त्यात बारीक तारेच्या जाळीची एक झडप ठेवायची. पाणी काढायला झडप उघडायची आणि लगेच मिटायची. पोहरा आत जाईल, श्रद्धा दुखावणार नाही आणि डास बाहेर राहील. मुंबई पालिकेत काम केलेले रुस्तम मसानी यांनी या वादातूनच विहिरींविषयीच्या लोकसमजुतींचा अभ्यास केला आणि १९१८ साली त्यावर इंग्रजीत पुस्तक लिहिले.

गोष्ट शंभर वर्षांपूर्वीची खरी, पण स्टीफेन्सी काही गेलेला नाही. विहिरींची जागा गच्चीवरच्या टाक्यांनी घेतली आणि तोही तिथे राहायला गेला. त्याच्या जोडीला डेंग्यू पसरवणारा एडिस आहे. आपल्याकडच्या उबदार हवेत अंड्यापासून डास व्हायला आठ-दहा दिवस पुरतात. डहाणू, घोलवडच्या चिकूच्या वाड्यांतल्या विहिरी आणि टाक्या, आश्रमशाळांच्या वसतिगृहांवरच्या टाक्या, या सर्वांच्या झाकणांकडे शिक्षकांनी या नजरेने एकदा पाहावे अशी विनंती आहे. झाकण आहे की नाही हे पाहून भागत नाही. झाकणाची फट किती, हे पाहायचे. दीड मिलिमीटरहून मोठ्या फटीला डासाच्या दृष्टीने दरवाजाच म्हणायचे. वरून ओसंडणाऱ्या पाण्याचा पाइप आणि हवेचा पाइप यांची तोंडेही झडपांत मोजावीत आणि त्यांना जाळी बांधावी.

कोण जाता कामा नये याचे दुसरे उत्तर अधिक कठोर आहे. सेप्टिक टँकचे झाकण हे दिसायला झडपेसारखेच असते, पण ते घरच्या कामाच्या यादीत कधीही धरू नये. आत हायड्रोजन सल्फाइड साचलेला असतो. तो हवेहून जड असल्यामुळे खाली बसून राहतो आणि प्रमाण वाढले की वास घेण्याची आपली क्षमताच मारतो. म्हणजे वास येईनासा होणे हे धोका टळल्याचे लक्षण नसते. डोके आत घालून पाहणारा माणूस बेशुद्ध होतो आणि त्याला वाचवायला उतरणारा दुसराही. २०१३ च्या कायद्याने संरक्षक साधनांशिवाय माणसाला अशा टाकीत उतरवण्यास बंदी केली आहे. तिथे यंत्र आणि प्रशिक्षित माणसेच बोलवावीत, आणि झाकणावर मूल उभे राहिले तरी ते हलणार नाही इतके ते घट्ट असावे.

घरातल्या झडपेकडे परत येऊ. माप ठरले, आता झडप कशाची घ्यायची? समुद्रकाठी या प्रश्नाचे उत्तर पुण्या-नाशिकपेक्षा वेगळे येते. आपल्याकडे हवेत मिठाचे सूक्ष्म कण असतात. मीठ हवेतली ओल ओढून घेते, त्यामुळे पाऊस नसतानाही धातूच्या पृष्ठभागावर खाऱ्या पाण्याचा पातळ थर राहतो. साध्या पत्र्याची, वरून रंग दिलेली झडप दुकानात छान दिसते. पण स्क्रूसाठी पाडलेल्या भोकाच्या कडेला रंग नसतो आणि गंज तिथूनच शिरतो. अॅल्युमिनियमची चौकट बरी, पण तिच्यात पितळी स्क्रू घालू नयेत. दोन वेगळे धातू आणि मध्ये खारे पाणी, हा विद्युत घटच झाला, आणि त्यात अॅल्युमिनियम खाल्ले जाते. वर्गात मिठाच्या पाण्यात अॅल्युमिनियमची पट्टी आणि पितळी स्क्रू बुडवून दोघांना मल्टिमीटर जोडला तर विद्युतदाब दिसतो. स्टेनलेस स्टीलचे स्क्रू चालतात. तत्त्वतः घट तिथेही होतो, पण स्क्रूचे क्षेत्र लहान आणि चौकटीचे मोठे असल्यामुळे झीज विस्तृत पृष्ठभागावर वाटली जाते. उलटी जोडी, म्हणजे स्टेनलेसच्या मोठ्या झडपेला अॅल्युमिनियमचे रिव्हेट, ही मात्र वाईट.

लाकडी झडप करायची तर सलग फळीपेक्षा प्लायवूड घ्यावे. लाकूड ओल शोषून फुगते, पण सगळीकडे सारखे फुगत नाही. तंतूंच्या दिशेने जवळजवळ नाही आणि तंतूंना आडवे बरेच. सागासारखे शहाणे लाकूडसुद्धा, उन्हाळा आणि पावसाळा यांत ओलाव्याचा फरक चार टक्क्यांचा धरला तर, ३० सेंटिमीटर रुंदीत दोन-अडीच मिलिमीटर वाढू शकते. मेमध्ये नेमकी बसवलेली झडप जुलैमध्ये उघडत नाही ती यामुळे. प्लायवूडमध्ये एका थराचे तंतू दुसऱ्या थराला काटकोनात असतात, त्यामुळे प्रत्येक थर शेजाऱ्याला फुगू देत नाही. न्हाणीघरासाठी आयएस ७१० हा शिक्का असलेले मरीन प्लाय घ्यावे आणि कापलेल्या चारही कडांना रंग किंवा वॉर्निश नक्की लावावे, कारण पाणी कडेतूनच शिरते. एरवी पीव्हीसीची झडप हा नवशिक्यासाठी सर्वांत निर्धोक पर्याय. ती दिसायला साधी असते, एवढाच तिचा दोष. मात्र विजेच्या तारांच्या डक्टला प्लास्टिक किंवा लाकूड न लावता धातूची झडपच लावावी, कारण तिथे आगीचा विचार आधी करायचा असतो.

अलीकडे टाइलच चिकटवलेली, चुंबकावर बसणारी झडप अनेकांना आवडते, कारण ती दिसतच नाही. तिचा हिशेब करून पाहू. ३० सेंटिमीटर चौरस आणि ८ मिलिमीटर जाडीची टाइल पावणेदोन किलोच्या आसपास भरते, मागचे १२ मिलिमीटर प्लायवूड आणखी पाऊण किलो. हे अडीच किलो चुंबकांनी पेलायचे नाहीत. झडप खालच्या बाजूला एका पट्टीवर टेकवावी आणि चुंबकाचे काम फक्त ती पुढे झुकू नये एवढेच ठेवावे. छतातल्या झडपेला मात्र टेकायला काही नसते, म्हणून तिथे टाइल नको आणि नुसते चुंबकही नको. हलका बोर्ड, बिजागरी, कडी आणि वर एक साखळी. ज्या तालुक्यांत जमीन हलते तिथे झोपण्याच्या जागेच्या वर अडीच किलो वजन नुसत्या चुंबकाच्या भरवशावर ठेवणे मला पटत नाही.

किनाऱ्यावर वाऱ्याचाही विचार हवा. डक्ट वरून उघडा असतो, त्यामुळे वारा सुटला की आत-बाहेर दाबाचा फरक पडतो आणि झडपा खडखडतात. हा फरक ढोबळमानाने हवेच्या घनतेच्या निम्म्याला वेगाच्या वर्गाने गुणून मिळतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला १० मीटर असेल तर तो ६० पास्कल येतो. ३० सेंटिमीटर चौरसावर त्याचे बल साडेपाच न्यूटन, म्हणजे अर्ध्या किलोच्या ओझ्याएवढे. हे चुंबक सहज धरतो. पण मे २०२१ मध्ये तौक्ते वादळ आपल्या किनाऱ्याजवळून गेले तेव्हासारखा जोराचा वारा असेल आणि वेग तिप्पट धरला, तर बल नऊपट होते, पाच किलोच्या ओझ्याएवढे. चुंबकाची पकड मोजायला शाळेतला ताणकाटा पुरतो. चुंबक आणि पत्रा यांच्यामध्ये कागदाचे एकेक कपटे वाढवत गेलात तर पकड किती झपाट्याने उतरते तेही दिसेल. रंगाचे दोन हात हे त्या कपट्यांसारखेच.

आता भिंत कापू. पण आधी ती कापण्याजोगी आहे का ते ठरवायचे. कॉलम आणि बीम यांना हात लावायचा नाही, एक इंचही नाही. ज्या भिंतीवर स्लॅबचा भार आहे तिथे इंजिनिअरला विचारल्याशिवाय काम करू नये. साडेचार इंची आडभिंतीत मात्र ३० सेंटिमीटरचे भोक सहज पेलते. त्याचे कारण असे, की भोकाच्या वरच्या विटा एकमेकींवर पायरीपायरीने सरकून बसलेल्या असतात आणि वरचा भार दोन्ही बाजूंना उतरवतात. निराधार राहतो तो फक्त भोकावरचा एक त्रिकोण. तो समभुज धरला तर त्याचे वजन साडेआठ किलोच्या आसपास येते, आणि लहानशी पट्टी किंवा चौकटच ते उचलते. भोक ६० सेंटिमीटरचे केले तर त्रिकोणाचे क्षेत्रफळ चौपट होते, वजन ३४ किलोंवर जाते आणि रीतसर लिंटेल घालावे लागते.

मग आत काय आहे ते पाहावे. स्विचबोर्डच्या सरळ वर आणि सरळ खाली तारा असण्याचा संभव मोठा, तो पट्टा टाळावा. मेन स्विच बंद करावा, गच्चीवरून येणारा कॉकही बंद करावा. ठरवलेल्या चौकोनाच्या मधोमध हाताने एक लहान भोक पाडून त्यातून टॉर्चचा उजेड आणि लहान आरसा घालून आत डोकावले तर बरीचशी माहिती मिळते. नंतर गुण्या आणि पाणसळ घेऊन चौकोन आखावा. चारही बाजू ३० भरल्या म्हणजे चौरस झाला असे नाही, समभुज चौकोनाच्याही बाजू सारख्या असतात. दोन्ही कर्ण मोजावेत आणि ते प्रत्येकी ४२.४ सेंटिमीटर भरले तरच कापायला सुरुवात करावी.

टाइल कापताना नवशिक्याचे काम बिघडते ते कोपऱ्यांत. कटर कोपऱ्यापाशी येतो आणि एक तडा तिरका निघून शेजारच्या टाइलमध्ये पळतो. याचे कारण ठाऊक झाले ते जहाजांमुळे. तीक्ष्ण कोपऱ्यापाशी ताण किती एकवटतो याचे गणित सी. ई. इंग्लिस यांनी १९१३ साली जहाजबांधणी करणाऱ्यांच्या संस्थेपुढे मांडले. गोल भोकाच्या कडेला ताण तिप्पट होतो, पण कोपरा जितका टोकदार तितका तो वाढत जातो, त्याला सीमा राहत नाही. तरीही दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेने घाईने बांधलेल्या लिबर्टी जहाजांपैकी काहींना तडे गेले, आणि त्यांतले बरेच तडे सुरू झाले ते डेकवरच्या चौकोनी हॅचच्या कोपऱ्यांतून. हॅच म्हणजे डेकमधली झडपच! पुढे ते कोपरे गोलाकार आणि भक्कम केले गेले. आपण चार कोपऱ्यांवर आधी ड्रिलने ६ मिलिमीटरची गोल भोके पाडायची आणि मग भोकापासून भोकापर्यंत कापायचे. हे वर्गात दाखवायला वहीच्या कागदाच्या दोन सारख्या पट्ट्या घ्या. दोन्हींना कडेपासून आत जाणारी सारखी चीर द्या, एकीच्या चिरेच्या टोकाला पंचिंग मशीनने भोक पाडा आणि दोन्ही ओढून पाहा.

कापताना पाण्याचा शिडकावा चालू ठेवावा, डोळ्यांवर चश्मा आणि नाकावर चांगला मास्क असावा. टाइलच्या आणि विटेच्या धुळीत सिलिका असते आणि ती फुप्फुसात गेली की बाहेर येत नाही. ओला हात आणि विजेचा कटर यांची गाठ पडू देऊ नये, पाणी शिंपडायला दुसरा माणूस हवा.

चौकट भोकात बसवताना ती सिमेंटने पक्की करण्याचा मोह होतो. गिट्ट्या ठोकून चार स्क्रूंवर बसवली तर पुढे चौकटही बदलता येते. चौकट आणि झडप यांच्यात सगळीकडे दोन-तीन मिलिमीटर फट राखावी, आणि ती भरायला रबराची किंवा फोमची चिकटपट्टी लावावी. झडपेच्या आतल्या बाजूला, वॉटरप्रूफ पेनने, मागच्या पाइपांचा साधा नकाशा काढून ठेवावा: गरम कोणता, थंड कोणता, कॉक कोणत्या दिशेला बंद होतो.

शेवटची चाचणी रात्री करायची. डक्टच्या आत एक टॉर्च पेटवून ठेवा, झडप मिटा, खोलीतले दिवे घालवा आणि डोळे अंधाराला सरावेपर्यंत दोन मिनिटे थांबा. जिथून उजेडाची रेघ दिसेल तिथून डास, झुरळ आणि वास हे तिघेही येऊ शकतात. त्या ठिकाणी पेन्सिलीने खूण करा, पट्टीचा आणखी एक थर चिकटवा आणि दिवे पुन्हा घालवून पाहा.